करडईचं तेल आणि अक्कांचं मशीन

खंडेनवमी झाली की माझा धंदा तेजीत यायचा, आणि त्याला कारण लोकांची भक्ती. इतरांना गिऱ्हाईक जाहिरात करून मिळतं, मला ते देवाने पाठवलं. आमच्या हुबळी-धारवाडकडे त्या दिवशी घरातल्या झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, कोयता, स्कूटर, पोराचा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू. स्कूटरचं लिंबू आणि झेंडूच्या माळेवर भागतं. तिच्या टाकीत कुणी फोडणीचं तेल ओतत नाही. पण शिलाई मशीनच्या अंगावर बारीक बारीक भोकं असतात, आणि भोक दिसलं की माणसाचा हात तेलाच्या भांड्याकडे जातो. समईतलंच तेल चमच्याने मशीनला पाजतात, नमस्कार करतात, आणि झाकण घालतात ते पुष्कळ घरांत पुढच्या खंडेनवमीलाच निघतं.

मी जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केली. दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानांमागच्या बोळात, एका जिन्याखाली माझं दुकान होतं. गुडघे ऐकेनासे झाले तेव्हा दुकान सोडलं, हत्यारांची पेटी मात्र घरी आणली. मुलगा कोप्पीकर रोडला मोबाइल दुरुस्त करतो. त्याच्याकडे येणाऱ्या बायका फोन त्याच्या हातात देता देता विचारतात, अप्पा अजून मशीन बघतात काय? तो हो म्हणून मोकळा होतो, आणि मी गुडघे विसरून पेटी उचलतो. बायको म्हणते, तुम्हाला निवृत्त करायचं तर आधी गावातली मशीनं निवृत्त करावी लागतील.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे सुई आणि दोरा. खरं म्हणजे निम्मं काम तेलाचं. जुनं काळं मशीन, बिडाचं, अंगावर सोनेरी वेल असलेलं, ते सहसा मोडत नाही. त्यात मोडण्यासारखं फारसं काही नसतंच. ते जाम होतं, आणि जाम होतं ते बहुतेक वेळा चुकीच्या तेलाने. लोखंडाचा दांडा लोखंडाच्या नळीत खालीवर व्हायचा, तर मधे केसाएवढी जागा. त्या जागेत शिरायला तेल पाण्यासारखं पातळ पाहिजे. त्याला रंग नको, वास नको, आणि वाळायची सवय तर अजिबात नको. तसलं पांढरं मशीन तेल कुठल्याही सुया-बटणांच्या दुकानात मिळतं. पण ते बघून गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. एवढं पाण्यासारखं तेल? ह्यात काय जीव आहे? आपल्याकडे दाट म्हणजे पौष्टिक. दूध दाट पाहिजे, आमटी दाट पाहिजे, मग तेल का नको?

धारवाडचा एक टेलर खोबरेल घालायचा. थंडीच्या दिवसांत त्याचं मशीन सकाळी उठत नसे, दुपारी मात्र छान चाले. त्याने कुणाची तरी दृष्ट लागली म्हणून मशीनला लिंबू-मिरची बांधली, मग जागा बदलली, मग मला बोलावलं. मी त्याला न्हाणीघरातली त्याची स्वतःची खोबरेलाची बाटली आणायला सांगितली. ती उपडी केली तर थेंब पडेना. तो बाटलीकडे बघत राहिला, मग स्वतःच हसायला लागला. दुसऱ्या एकाने गाडीचं इंजिन ऑइल घातलं होतं. त्याचं म्हणणं, एवढी मोठी लॉरी ज्याच्यावर बेळगावला जाते, त्याच्यावर एक ब्लाऊज शिवून होणार नाही काय? ब्लाऊज शिवून झाला, पण लग्नाच्या रेशमावर काळे ठिपके उमटले आणि नवरीच्या आईने त्याच्या घरी येऊन जो सूर लावला तो बोळाच्या टोकापर्यंत ऐकू गेला.

असल्या लोकांशी वाद घालून घसा बसायचा. म्हणून मी दुकानाच्या उन्हाच्या बाजूला एक काचेचा तुकडा टेकवून ठेवला होता. त्याच्यावर ओळीने थेंब: खोबरेल, शेंगतेल, एरंडेल, करडई, इंजिन ऑइल आणि शेवटी मशीन तेल. गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, बोट लावा. मशीन तेल अजून ओलं असायचं. शेंगतेल चिकट. करडईचा थेंब नखाने खरवडला तरी निघत नसे, पिवळ्या मण्यासारखा काचेला घट्ट चिकटलेला. आणि आमच्या भागात देवाचं तेल म्हणजे करडईचंच, कन्नडमध्ये कुसुबी एण्णी. ज्या घरात भक्ती जास्त त्या घरातलं मशीन जास्त जाम, हा माझा जन्माचा अनुभव. अति तिथे माती, म्हणतात ते मशीनलाही लागू आहे.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर धारवाडहून, माळमड्डीतून, एका बाईंचा फोन आला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात, मीही तेच म्हणेन. फोनवर आवाज असा की मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. म्हणाल्या, "दत्तूअण्णा, अक्काचं मशीन फिरेना झालंय. ती दिवाळीला यायलीय. तुम्ही आजच येता काय?"

त्यांच्या अक्का माझ्या जुन्या गिऱ्हाईक. दोघी बहिणींत बरंच अंतर. अक्का लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन माहेरी आल्या, पाठोपाठ वडील गेले. कुणा विलायती पादरीणबाईने गाव सोडताना आपलं हातमशीन अक्कांना देऊन टाकलं, आणि त्या मशीनवर अक्कांनी अख्ख्या गल्लीचे ब्लाऊज शिवले. धाकटीला शिकवलं, कॉलेजात घातलं, धाकटी त्याच कॉलेजात शिकवायला लागली, तरी अक्कांचं शिवणं चालू होतं. पुढे मोतीबिंदू पिकला. अक्का डॉक्टरला भ्यायच्या. सुईत दोरा जाईना तेव्हा एक दिवस त्यांनी मशीनवर झाकण घातलं आणि बाईंना सांगितलं, आता तू बघ गं ह्याला. बाईंना बटण लावता येत नाही. पण बघ म्हटल्यावर त्यांनी बघितलं. आता बेळगावच्या भावाने अक्कांना समजावून, धाक घालून, डोळ्यांची ऑपरेशनं करून आणली होती. भावाकडे विश्रांती झाली, दोन्ही डोळ्यांना लख्ख दिसायला लागलं, आणि अक्कांनी फोनवर पहिलं काय विचारलं असेल तर मशीन. येताच बसणार म्हणाल्या, तयार करून ठेव.

मी गेलो तेव्हा मशीन समोरच्या खोलीत स्टुलावर होतं. त्याच्यावर नुकत्याच झालेल्या पूजेचं कुंकू, सुकलेला झेंडू, आणि प्रत्येक भोकाभोवती मधाच्या रंगाची चकाकी. मी चाकाला हात लावला. ते हललं नाही. आम्हा लोकांचा एक नियम आहे, हलत नसेल तर जोर लावायचा नाही. जोर लावला की दांडा वाकतो, आणि ह्या मशीनचे भाग आता कुठे मिळत नाहीत. वास घेतला आणि विचारलं, बाई, तेल कुठलं घालता?

बाई म्हणाल्या, "करडईचं. घाण्यावरचं, एकदम शुद्ध. अमरगोळहून मुद्दाम आणवते. दर खंडेनवमीला, एक वर्ष चुकवलं नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. मी काही बोलायच्या आधीच त्या खुर्चीत बसल्या आणि कपाळाला हात लावला. "वाळणारं तेल," म्हणाल्या. "अय्यो देवा."

मग त्यांनीच मला सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. करडई मशीन जाम करते हे मी हजारदा पाहिलं होतं, पण का करते ते मला कुणी सांगितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, ह्या तेलाला हवेतला ऑक्सिजन लागतो. तो घेत घेत त्याचे कण एकमेकांचे हात धरतात, आणि शेवटी तेल तेल राहत नाही, व्हार्निश होतं. चित्रकार रंगात मिसळतात ते ह्याच गुणासाठी. जवसाचंही तसंच. हे सगळं त्यांनी फळ्यावर आकृत्या काढून कितीतरी मुलांना शिकवलं होतं. मी म्हटलं, मग घरात कसं सुचलं नाही? त्यावर त्या म्हणाल्या, अण्णा, वर्गात मी मास्तरीण. खंडेनवमीला मी अक्काची धाकटी बहीण. मशीन तेल म्हणजे रॉकेलच्या जातीचं, ते पूजेला कसं चालेल? ज्याने मला जेवू घातलं त्याला चांगलं तेल द्यावं, एवढंच मनात. हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते. हसू पण येत होतं. मलाही दोन्ही होत होतं.

अक्का रागावतील ही त्यांची भीती नव्हती. बाई म्हणाल्या, ती मला आयुष्यात रागावली नाही. पण तिने एकच वस्तू माझ्यावर सोपवली, आणि ती मी माझ्या हाताने चिकटवून ठेवली. तिला आता दिसायला लागलंय, तर पहिलं हे दिसणार काय? त्या वेळी मला कळलं की हे काम नुसतं चाक फिरवायचं नाही. अक्का ज्या मशीनवरून उठल्या तेच मशीन त्यांना परत मिळालं पाहिजे.

काम कसं करतात ते थोडक्यात सांगतो. वाळलेल्या करडईवर मशीन तेल ओतून उपयोग नाही. ते वरून वाहून जातं. आधी रॉकेल. आजकाल रॉकेल मिळवायचं तर सोन्यासारखं शोधावं लागतं, पण जुन्या धंद्याच्या जुन्या ओळखी असतात. सांध्यासांध्यात थेंब थेंब सोडायचं, मुरू द्यायचं, लाकडी हातोडीने हलकं टिचकावायचं, चाक पुढे मागे किंचित डोलवून बघायचं, परत थेंब. इथे घाई चालत नाही. रॉकेल जामपणा सोडवतं, पण ते वंगण नाही. कित्येक जण रॉकेलवर मशीन फिरलं की खूश होऊन शिवायला बसतात, आणि कोरडं लोखंड लोखंडाला खातं. म्हणून रॉकेल सगळं काढून टाकून मग मशीन तेल. पुसणं हा ह्यातला सगळ्यात मोठा भाग आहे आणि तोच कुणाला आवडत नाही.

मी रोज हुबळीहून बसने जायला लागलो. कापड पुढे ओढणारे दाते सुटले, खालच्या दोऱ्याची बॉबिन जिच्यात बसते ती होडी सुटली. सुईचा दांडा मात्र तसाच. वरच्या भोकातून बाईंनी सगळ्यात जास्त तेल पाजलं होतं, कारण अक्कांनी पूर्वी सांगितलं होतं की तिथे विसरू नको. बाई कधी विसरल्या नाहीत. आणि अशात भावाचा फोन आला की रस्त्याने दिवाळीची गर्दी व्हायच्या आत उद्याच अक्कांना घेऊन येतो.

बाई म्हणाल्या, ॲसिटोन आणू काय, नखांचा रंग काढायचं औषध म्हणजे तेच, एका तासात सुटेल. खरं होतं. सुटलं असतं. पण हे औषध दांड्यावर टाकलं की ते खाली ओघळतं, आणि खाली ती सोनेरी वेल. जुन्या मशीनवरचं सोनं लाखेच्या पातळ थराखाली असतं. मी एवढंच म्हणालो आणि बाईंनी पुढचं वाक्य पुरं केलं, लाख गेली की सोनं फडक्यावर येईल. मग त्यांनी मशीनच्या पुढच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे वेल नव्हतीच. कापड सरकवताना अक्कांचा डावा हात जिथे टेकायचा तिथलं सोनं झिजून तळहाताएवढी जागा काळी गुळगुळीत झाली होती.

"इथलं अक्काने घालवलंय," बाई म्हणाल्या. "ते शिवून गेलंय. उरलेलं मी औषधाने घालवणार नाही. नाही सुटलं तर नाही सुटू दे. मी सांगीन तिला."

मला त्या क्षणी त्यांचं फार कौतुक वाटलं. सुटलेलं मशीन दाखवून त्या आपली चूक झाकू शकत होत्या. मी म्हटलं, मग ऊब देऊन बघू. शेजारच्या घरातून केस वाळवायचं यंत्र मागून आणलं. बाई ते धरून उभ्या राहिल्या, नुकत्याच न्हालेल्या पोरीचे केस वाळवावेत तसं मशीनच्या डोक्यावर गरम वारा फिरवत. लोखंड तापलं की किंचित पसरतं, आतलं व्हार्निश मऊ होतं, आणि तेवढ्यात रॉकेलचा थेंब आत शिरतो. आम्ही तापवलं, थेंब सोडला, थांबलो. परत तापवलं. बाईंचा हात दुखायला लागला तरी त्यांनी यंत्र मला दिलं नाही. दुपार कलली तेव्हा आत कुठे तरी बारीकसा आवाज झाला आणि दांडा तांदळाच्या दाण्याएवढा खाली आला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी यंत्र परत दांड्यावर धरलं.

संध्याकाळपर्यंत चाक पूर्ण फिरलं. मग रॉकेल काढलं, मशीन तेल घातलं, फिरवलं, पुसलं. आधी फडक्यावर तपकिरी यायचं, मग पिवळसर, मग नुसतं ओलं. बाईंनी सोनेरी वेल मशीन तेलाच्याच बोळ्याने हळू पुसली. सोन्याला ते तेल त्रास देत नाही.

दुसऱ्या दिवशी माझं काही काम उरलं नव्हतं, तरी मी गेलो. चाक अजून मोकळं आहे ना बघून येतो, असं घरी सांगितलं. बायको म्हणाली, चाक बघायला की अक्कांना?

अक्का भावाच्या हाताला धरून आत आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, तो त्यांनी उंबऱ्याशीच काढला. बाई पुढे झाल्या. अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या, अगदी जवळून, मान तिरकी करून. मोतीबिंदू पिकला तेव्हापासून त्यांनी धाकटीला नीट पाहिलं नव्हतं.

"तू एवढी म्हातारी केव्हा झालीस गं?" त्या म्हणाल्या.

अक्कांनी बाईंच्या गालावरून हात फिरवला आणि चहाबिहा काही न घेता सरळ मशीनपुढे जाऊन बसल्या. भाऊ सामान आत ठेवायला गेला. मी कोपऱ्यात उभा. अक्कांनी चाक एकदा फिरवलं, मग सावकाश, मग भरभर. कान मशीनकडे. सुईखालची पट्टी सरकवून आत नख घातलं. मी म्हणालो ना की मी पुसलं होतं. पण ज्या कोनाड्यात माझं जाड बोट जात नाही तिथे अक्कांचं गेलं. नखाला एक पिवळा कण लागून आला. त्यांनी तो वास घेऊन पाहिला.

"कुसुबी एण्णी," म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या. "दत्तू, हे तू घातलं नव्हे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मी घातलं, अक्का. दर वर्षी. जाम करून ठेवलं होतं मी. यांनी सोडवलं." एवढं बोलून त्या उभ्याच राहिल्या, दोन्ही हात पोटाशी धरून. जिच्या वर्गात मुलं श्वास रोखून बसायची ती बाई.

अक्कांनी नख पदराला पुसलं. थोडा वेळ सोनेरी वेलीवरून बोट फिरवत राहिल्या, जिथे वेल संपते तिथपर्यंत. मग म्हणाल्या, "उपाशी तर नाही ना ठेवलंस त्याला."

बाई रडायला लागल्या. अक्कांनी त्यांना रडू दिलं. मग नव्या डोळ्यांनी त्यांच्या अंगावरच्या ब्लाऊजकडे पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. खांदा उतरलेला, बाही एकीकडे सैल, एकीकडे घट्ट. हे कुणी शिवलंय म्हणून विचारलं. बाईंनी कुठल्या तरी टेलरचं नाव घेतलं. अक्का उठल्या, ट्रंकेतून एक गर्द हिरवा खण काढला, खुंटीवरची टेप घेतली आणि म्हणाल्या, "उभी राहा नीट. हात वर कर."

सत्तरीच्या बाईंनी डोळे न पुसताच दोन्ही हात वर केले.